प्रेम असूनही न बोलता का दुरावतात? नकारापेक्षा होकार जड जातो म्हणून

एका मुलाने पत्रातून विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात मांडते. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे एक मुलगा आणि एक मुलगी पुण्यात सदाशिव पेठेतल्या एकाच अभ्यासिकेत चार वर्षं बसले. चहा एकत्र, मेस एकत्र, चालू घडामोडींची वही दोघांत एक. मनात काय आहे ते दोघांनाही कळत होतं, शेजारच्या टेबलांवरच्यांनाही कळत होतं. मग तिची राज्यकर निरीक्षक म्हणून निवड झाली आणि ती नाशिकला रुजू झाली. वाकडेवाडीच्या एसटी स्टँडवर तो तिला सोडायला गेला. बॅग वरच्या फळीवर सरकवली आणि म्हणाला, "पोहोचलीस की मेसेज कर." ती म्हणाली, "हो. तू आधी जेवून घे." गाडी गेली. याला आता काही महिने झाले. तिच्या घरी स्थळं बघायला सुरुवात झाली आहे, त्याची पोस्ट अजून निघालेली नाही, म्हणजे निवड झालेली नाही. तो विचारतो: एवढं प्रेम होतं तर आम्ही बोललो का नाही? तिच्या बाजूने खरंच काही होतं का? आणि आता बोलावं का?

मी पुण्यात तरुण मुलामुलींचं समुपदेशन करते. पेठांमधल्या अभ्यासिकांत बसणारी मुलं माझ्याकडे बरीच येतात आणि ही गोष्ट तपशील बदलून मी पुष्कळदा ऐकली आहे. (खाली जी उदाहरणं देते ती कोणाची ओळख पटणार नाही इतपत बदललेली आहेत.) त्यामुळे माझं मत आधीच सांगून टाकते. माणूस नकाराच्या भीतीने गप्प बसतो असं सगळे धरून चालतात. ओळखीच्या पहिल्या काही महिन्यांत ते खरं असतं. पण वर्षानुवर्षं सोबत काढून, एकमेकांचं मन कळूनही जे गप्प राहतात, ते माझ्या अनुभवात बहुतेक वेळा होकाराला घाबरलेले असतात. समोरचा 'नाही' म्हणाला तर त्रास होतो, पण विषय संपतो. 'हो' म्हणाला की विषय सुरू होतो. घरी सांगायचं, आडनाव सांगायचं, नोकरी नाही हे सांगायचं, पाठच्या बहिणीच्या लग्नाचं काय याचं उत्तर द्यायचं. न बोलता राहिलं तर प्रेम असतं, जबाबदारी नसते. ही सोय दोघांनाही हवीशी वाटते आणि दोघंही त्या सोयीला संयम म्हणतात.

आता नकाराच्या भीतीबद्दल, कारण तीही खोटी नाही. १९९६ साली जॅकी व्होरॉअर आणि रिबेका रॅटनर या मानसशास्त्रज्ञांनी नेमक्या याच गोष्टीचा अभ्यास प्रसिद्ध केला: एकमेकांत रस असलेली दोन माणसं, आणि पुढे कोणीच होत नाही. तू का पुढे झाला नाहीस, असं विचारलं तर लोक म्हणत, नकाराची भीती वाटली. मग समोरची व्यक्ती का पुढे झाली नाही? तर तिला रस नसेल. म्हणजे गप्प दोघंही सारखेच बसलेले. पण आपल्या गप्प बसण्याला भीतीचं कारण आणि समोरच्याच्या गप्प बसण्याला अनिच्छेचं. पुढे २००३ मध्ये व्होरॉअर आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. ज्यांना नकाराची भीती जास्त, त्यांना आपण दिलेला बारीकसा इशाराही फार मोठा आणि स्पष्ट वाटतो. आपण सांगून टाकलं असं त्यांना वाटतं, समोरच्याला त्याचा पत्ताही नसतो.

हे माझ्याकडे रोज दिसतं आणि ते बहुतेक व्हॉट्सॲपच्या स्टेटसमधून दिसतं. एका मुलाने एक जुनं भावगीत स्टेटसला ठेवलं. त्यातली एक ओळ फक्त तिच्यासाठी होती. मग दर दहा मिनिटांनी कोणी कोणी पाहिलं ती यादी उघडून तो एकच नाव शोधत बसला. रात्री नाव दिसलं. तिच्याकडून काहीच उत्तर आलं नाही म्हणून तो दोन दिवस अभ्यासिकेत गेला नाही. पुढे कधीतरी ती मुलगीही माझ्याशी बोलली, वेगळ्या कारणासाठी. ते स्टेटस तिला आठवत होतं. ती मेसच्या रांगेत उभी होती, फोनचा आवाज बंद होता, गाण्याच्या मागे सिंहगडाचा फोटो दिसला. तिला वाटलं, हा आपल्याला न सांगता ट्रेकला जाऊन आला.

मुलींकडून उलट प्रकार होतो. मराठवाड्यातून, विदर्भातून, सोलापूर-सांगलीकडच्या खेड्यांतून आलेली मुलगी अभ्यासिकेतल्या मुलांना सरसकट 'दादा' म्हणते. ते तिचं कवच असतं आणि ते शहाणपणाचंच आहे. पण एखाद्याच्या बाबतीत तिने कधीतरी 'दादा' म्हणणं बंद केलेलं असतं. तिच्या दृष्टीने ही केवढी मोठी कबुली! तो मात्र 'अरे' आणि 'ऐक ना' यांत समाधान मानून बसलेला असतो, काय बदललं ते त्याच्या लक्षातच आलेलं नसतं.

तर गैरसमज होतात, हे मान्य. पण प्रश्नातली जोडी चार वर्षं सोबत होती. एवढ्या काळात गैरसमज टिकून राहायला तो कोणीतरी सांभाळावा लागतो. म्हणून अशा वेळी मी समोरच्याला एक प्रश्न विचारते. मी म्हणते, समज, ती आत्ता या दारातून आत आली आणि म्हणाली, मलाही तू आवडतोस, पुढे काय करू या? तर पुढचा महिना कसा जाईल ते मला सांग.

पहिली दोन मिनिटं चेहरा खुलतो. कुठे फिरायला जाऊ, काय बोलू. मग गाडी गावाकडे वळते आणि आवाज उतरतो. "पप्पांना कसं सांगणार?" "आमच्याकडे चालणार नाही." "आत्ता माझ्याकडे आहे काय?" एक मुलगा थोडा वेळ पंख्याकडे बघत बसला आणि म्हणाला, "मॅडम, ती नाही म्हणाली तर बरं होईल हो." नकाराची भीती असलेल्या माणसाच्या तोंडून हे वाक्य येत नाही.

या मुलांच्या बाबतीत होकार एवढा जड का होतो, हे जरा नीट बघायला हवं.

पहिली गोष्ट दोन घड्याळांची. अभ्यासिकेतला ठरलेला मंत्र असतो: पोस्ट निघाल्यावर बोलू. ऐकायला समंजस वाटतो. पण राज्य लोकसेवा आयोगाच्या बहुतेक पदांना खुल्या प्रवर्गासाठी वयाची अट ३८ वर्षं आहे आणि मागासवर्गीयांसाठी ४३. म्हणजे 'पोस्ट निघाल्यावर' याला तारीखच नाही. पूर्व परीक्षा, मुख्य परीक्षा, मुलाखत, मध्ये एखादं न्यायालयीन प्रकरण, लांबलेला निकाल, दोन गुणांनी हुकलेला कट-ऑफ, पुढचा अटेंप्ट. मुलाला घरून निदान वरवर तरी हा वेळ मिळतो. मुलीला मिळत नाही. तिला निघतानाच सांगितलेलं असतं, दोन वर्षं बघ, नाही झालं तर लग्न. मग ती एकेक वर्ष भांडून वाढवून घेते. तो म्हणतो, अजून वेळ आहे. तिच्याकडे तो नसतो, आणि नाही हे ती त्याला सांगत नाही. कारण सांगितलं तर 'मग मी काय करू असं तुझं म्हणणं आहे?' हा प्रश्न येईल. त्या प्रश्नाचं खरं उत्तर म्हणजेच कबुली.

दुसरी गोष्ट जातीची, आणि तिच्याबद्दल आपण फार आडून बोलतो. कॉलेजात कधीकधी दोन वर्षं एकमेकांची जात कळत नाही. अभ्यासिकेत ती पहिल्या आठवड्यात कळते. अर्ज भरताना कुठल्या प्रवर्गातून भरतोस हा प्रश्न तिथे हवापाण्याइतका साधा आहे, आणि निवडयादीत तर नावापुढे प्रवर्ग छापलेलाच असतो. त्यामुळे एकमेकांबद्दल काही वाटू लागण्याच्या आधीच 'घरचे काय म्हणतील' याचं उत्तर दोघांच्या मनात तयार असतं. त्यांना ते एकमेकांना विचारावं लागत नाही, म्हणून ते कधी तपासलंही जात नाही. २०११-१२ च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय विवाहांचं प्रमाण साधारण ५ टक्के निघालं होतं. आकडा माहीत नसला तरी आपल्या भावकीत अशी किती लग्नं झाली आणि त्यांचं पुढे काय झालं, हे प्रत्येकाला बोटावर मोजून सांगता येतं. एखाद्या चुलतबहिणीला माहेर तुटलेलं असतं. तेवढं एक उदाहरण पुरतं.

तिसरी गोष्ट मुलाच्या खिशाची. २०२२ च्या डिसेंबरमध्ये सोलापुरात लग्न जुळत नसलेले तरुण नवरदेवाच्या वेशात, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा घेऊन गेले होते. वर्तमानपत्रांनी गंमत म्हणून फोटो छापले. मला त्यात गंमत दिसली नाही. नोकरी नसलेल्या शेतकरी घरच्या मुलाला आज स्थळ मिळत नाही, हे त्या मुलांनी रस्त्यावर येऊन सांगितलं. असा मुलगा अभ्यासिकेत बसतो तेव्हा, मला कोणीतरी आवडतं, हे म्हणण्याचाही आपल्याला अधिकार नाही असं त्याला वाटतं. घरून महिन्याला येणारे पैसे, कॉट बेसिसवरची खोली, मेसचं कार्ड. एवढ्या भांडवलावर कोणाला शब्द द्यायचा, हा त्याचा प्रश्न असतो, आणि तो मी कधी हसण्यावारी नेत नाही.

आता मुलींची बाजू. ती वेगळी आहे आणि बहुतेक मुलांना तिचा अंदाज नसतो.

अभ्यासिकेतल्या मुलीला प्रेमात सगळ्यात मोठा धोका मन मोडण्याचा नसतो, पुणं सुटण्याचा असतो. रूमवर चार मुली असतात, त्यांतल्या एकीच्या गावचं कोणीतरी हिच्या मावशीच्या गावात असतं. "ती कोणाबरोबर तरी फिरते," एवढं वाक्य गावात पोहोचलं की वडील येऊन सामान बांधून घेऊन जातात. अभ्यास, क्लासची भरलेली फी, मुख्य परीक्षेची तयारी, सगळं तिथेच थांबतं. मुलाच्या बाबतीत हेच वाक्य गावात गेलं तर आई फोनवर चार शब्द सुनावते. तेव्हा ती आधी का बोलली नाही, हा प्रश्न विचारण्यापूर्वी दोघांनी पणाला काय लावलं होतं ते बघावं.

त्यातही एक बोलणं मी मुलींकडून इतकं ऐकलंय की ते पाठ झालंय: "त्याने विचारलं असतं तर मी घरी लढले असते. त्याने विचारलंच नाही, मग मी लढू कोणासाठी?" यात मोठं व्यावहारिक शहाणपण आहे. घरी बापासमोर उभं राहायचं तर हातात काहीतरी लागतं. 'मला एकजण आवडतो, पण त्याचं काय म्हणणं आहे ते मला माहीत नाही' असं सांगून कोणी लढाई सुरू करत नाही. तो स्वतःच्या पोस्टची वाट बघत होता, ती त्याच्या शब्दाची. तिची पोस्ट निघाली.

आणि मग मुलाकडून एक नवीनच गोष्ट होते, जिचा मला खरं तर राग येतो. ती म्हणजे त्याग. "ती आता अधिकारी झाली, तिला चांगलं स्थळ मिळेल, माझ्यामुळे तिचं नुकसान नको." हे बोलताना मुलाचा आवाज भरून येतो, मित्र पाठीवर हात ठेवतात. मी विचारते, तिला विचारलं होतं का? नाही. म्हणजे तिच्या आयुष्याबद्दलचा एवढा मोठा निर्णय तिला बैठकीला न बोलावता घेतला. तिच्या वडिलांनीही तेच केलं असतं आणि त्यांना आपण जुन्या विचारांचे म्हणतो. अशा त्यागाच्या पोटात पुष्कळदा दुखावलेला अभिमान असतो: बायको क्लास टू आणि मी अजून तयारी करतोय, हे चार लोकांत कसं दिसेल? तसं वाटणं अगदी माणसासारखं आहे. फक्त ते तिच्या भल्याच्या नावावर खपवू नये.

तुमच्या पत्रात शेवटच्या पंधरवड्यातल्या एका भांडणाचा उल्लेख आहे. नोट्सच्या झेरॉक्स कोणाकडे राहायच्या, यावरून तुम्ही दोघं दोन दिवस बोलत नव्हतात. वेगळं व्हायची वेळ जवळ आली की अशी भांडणं होतातच. कुठल्यातरी क्षुल्लक कारणावरून राग आला की निघणं सोपं जातं. काही जण उलट करतात, शेवटच्या दिवशी नको इतके हसरे असतात, पाच जणांना सोबत घेऊन स्टँडवर जातात, म्हणजे एकटेपणी काही बोलावं लागू नये. तुम्ही एकटेच गेला होतात, ही त्यातल्या त्यात हिंमतच. तरी तिथेही बोलणं झालं ते बॅग, सीट नंबर आणि जेवण यांचंच. आपल्याकडे काळजी व्यक्त करायची हीच भाषा आहे, आपल्या आईवडिलांनीही एकमेकांशी ती एवढीच वापरलेली असते. 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' हे वाक्य मराठीत मोठ्याने म्हणताना भल्याभल्यांना नाटकातलं वाटतं. ज्या घरात भावनेचं वाक्य कधी ऐकलेलंच नाही, तिथून आलेल्या माणसाने स्टँडवर उभं राहून ते पहिल्यांदा म्हणावं, ही अपेक्षा मी करत नाही.

हल्ली दर दुसरा मुलगा रील्स बघून येतो आणि म्हणतो, मॅडम, ती 'अव्हॉयडंट' आहे, म्हणजे जवळीक टाळणारी. लहानपणीच्या जिव्हाळ्याचा मोठेपणीच्या प्रेमावर परिणाम होतो हे खरं आहे. जॉन बोल्बी आणि मेरी एन्सवर्थ या अभ्यासकांनी लहान मुलांबाबत जे मांडलं, ते १९८७ मध्ये हेझन आणि शेव्हर या मानसशास्त्रज्ञांनी मोठ्यांच्या प्रेमसंबंधांना लावून बघितलं, आणि तो धागा अभ्यासायला चांगला आहे. पण खोलीत जागा नाही, हातात पैसा नाही, घरी जात बघतात, गावात बातमी पोहोचते, असं सगळं डोळ्यांसमोर असताना गप्प बसलेल्या मुलीला अव्हॉयडंट ठरवणं म्हणजे तिच्या परिस्थितीचं खापर तिच्या स्वभावावर फोडणं. हा शिक्का मी माझ्या टेबलावर तरी मारू देत नाही.

तुमचा दुसरा प्रश्न, तिच्या बाजूने खरंच काही होतं का. इथे बसून मी त्याचा दाखला देऊ शकत नाही. तुम्ही हसणं, बघणं, उशिरापर्यंतचं चॅटिंग यांची मोठी यादी दिली आहे. त्यातलं बरंचसं चांगल्या मैत्रीतही होतं. मी वेगळं बघते: स्वतःची गैरसोय करून तिने काय केलं? तुमच्या पत्रात अशी एकच गोष्ट आहे आणि ती तुम्ही ओघात लिहून गेलात. निकाल लागला, तिचं नाव यादीत होतं, तुमचं नव्हतं. त्या संध्याकाळी तिने अभ्यासिकेत पेढे वाटले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी, तुम्ही यायच्या आत वाटले. चार वर्षं ज्या क्षणाची वाट बघितली तो तिने एक रात्र झाकून ठेवला. मला हे बोलकं वाटतं. पण नुसतं बोलकं वाटण्यावरून निष्कर्ष काढत बसायचं हेच तर चार वर्षं चाललं होतं. कळायचा मार्ग विचारणं हाच आहे.

तर तिसरा प्रश्न, आता बोलावं का.

आधी अपवाद सांगते. काही ठिकाणी न बोलणंच बरोबर असतं. तिचं लग्न झालेलं असेल किंवा तिने मनापासून ठरवून साखरपुडा केलेला असेल, एकाच्या हातात दुसऱ्याची नोकरी किंवा गुण असतील, किंवा आपलं मन हलकं करणं एवढाच हेतू असेल, तर ते ओझं समोरच्याच्या गळ्यात घालू नये. यांतलं काहीही तुमच्याबाबतीत दिसत नाही. स्थळं बघतायत, ठरलेलं नाही.

कॉर्नेल विद्यापीठातले टॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांनी १९९४-९५ मध्ये पश्चात्तापावर जे काम केलं, ते इथे उपयोगी पडतं. नुकत्याच घडलेल्या काळाकडे बघताना माणसाला केलेल्या चुका जास्त बोचतात. आयुष्याकडे लांबून वळून बघताना न केलेल्या गोष्टी जास्त बोचतात. याचं एक कारण साधं आहे. केलेल्या गोष्टीचा परिणाम समोर असतो, तो निस्तरता येतो. न केलेल्या गोष्टीत काय झालं असतं याची कल्पना वाढवत नेता येते, तिला अडवायला काही नसतं. माझ्याकडे साठीच्या घरातली माणसंही येतात. ज्यांना कोणी सरळ 'नाही' म्हटलं होतं ते त्या माणसाचं नाव हसत हसत घेतात. ज्यांनी विचारलंच नाही ते अजून आवाज खाली आणून बोलतात.

मात्र बोलण्याच्या आधी तो होकाराचा हिशेब कागदावर मांडा. एक वही घ्या आणि लिहा: ती हो म्हणाली तर येत्या सहा महिन्यांत मी काय करीन? अजून किती अटेंप्ट देणार, त्याची शेवटची तारीख कोणती? तोवर पैसे कुठून? क्लासमध्ये शिकवणं, कंत्राटी नोकरी, जे असेल ते. घरी आधी कोणाला सांगणार: आई, मामा, मोठा भाऊ? बहुतेक घरांत वडिलांशी थेट बोलण्यापेक्षा असा एखादा माणूस आधी गाठणं जास्त चालतं. हे लिहून झाल्यावर पान कोरंच राहिलं, तर तुम्ही अजून विचारायला तयार नाही. मग निदान स्वतःशी तरी 'तिच्या भल्यासाठी गप्प आहे' असं म्हणू नका.

जात वेगळी असेल (तुम्ही ते लिहिलेलं नाही, त्यामुळे असावी असा माझा अंदाज) तर कायद्याचं थोडं माहीत असू द्या, कारण अज्ञानामुळेही होकार मोठा वाटतो. आंतरजातीय म्हणजे कोर्ट मॅरेजच, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखाली वेगवेगळ्या जातींतल्या हिंदूंचं लग्न पूर्णपणे वैध आहे, आणि बौद्ध, जैन, शीख यांनाही तो कायदा लागू आहे. ३० दिवसांच्या नोटिशीची भानगड १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात आहे, ती नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लावली जाते. दोन सज्ञान माणसांच्या लग्नाला घरच्यांची किंवा समाजाची परवानगी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये शक्ती वाहिनी खटल्यात स्वच्छ सांगितलं आहे. हे सगळं वापरावंच लागेल असं नाही. रस्ता आहे हे माहीत असलं की घरी बोलताना पाय लटपटत नाहीत.

मग तिला फोन करा, रविवारी भेटू का असं विचारा आणि ती हो म्हणाली तर नाशिकला जा. न सांगता तिच्या ऑफिसच्या दारात उभे राहू नका; नवी नोकरी आहे, तिथे तिला तोंड दाखवायचं असतं. रात्री बारा वाजता लांबलचक मेसेज नको. चार वर्षांचा पाढा वाचायचा नाही, 'तुलाही कळत होतं ना' असं म्हणून तिला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं नाही. साधारण एवढंच बोला: "हे मी पुण्यातच बोलायला हवं होतं. मला तू आवडतेस, आणि नुसती मैत्रीण म्हणून नाही. तुझ्या घरी स्थळं बघतायत ते माहितीये. माझं आत्ता असं असं आहे, आणि मी अमुक महिन्यापर्यंत हे हे करणार आहे. तुझ्या मनात तसं असेल तर पुढचं दोघं मिळून ठरवू. नसेल तर तसं सांग, मी हा विषय परत काढणार नाही." आणि मग थांबा. तिला लगेच उत्तर द्यायला लावू नका. चार वर्षं गप्प राहिलेल्या माणसाने समोरच्याला चार दिवस द्यायला हरकत नाही.

ती नाही म्हणाली किंवा आता उशीर झाला म्हणाली, तर विषय तिथे संपला. "तुझ्या मनात तसं नाही, घरच्यांच्या दबावाखाली बोलतेस," असं समजावत बसू नका. तिच्या नकाराचं कारण काहीही असो, तो तिचा आहे. त्यानंतरही पाठ न सोडणं, फोन करत राहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, आणि प्रेमात पडलेल्या भल्या मुलांच्याही हे लक्षात राहत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. त्यानंतरचे काही आठवडे वाईट जातील. झोप, जेवण, अभ्यास यांतलं काही दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त बिघडलेलं राहिलं, किंवा जगण्यात अर्थ नाही असं वाटू लागलं, तर एकटे सोसू नका. टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मोफत आहे, मराठीत बोलतात.

आणि एक. पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंय की आमच्या दोघांचा एक मित्र नाशिकलाच आहे, त्याला तिच्याशी बोलायला सांगू का. नको. मित्र चांगला असेल, पण तो तुमचं वाक्य सौम्य करून सांगेल, तिचं उत्तर आणखी सौम्य करून आणेल, आणि मधल्या मध्ये अभ्यासिकेच्या ग्रुपवर त्याची चर्चा होईल. त्यातून तिच्या गावापर्यंत बातमी गेली तर त्याची किंमत तुम्ही देणार नाही, ती देईल.